पिस्तूल, ईस्ट इंडिया कंपनीचे
इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५८ पर्यंत आपल्या घोडदळासाठी इंग्लंडमध्ये बनवून घेतलेली, नळीच्या तोंडातून भरावयाची एकनळी लष्करी पिस्तुले. घोडेस्वार ती खोगिराच्या पुढील बाजूस टांगलेल्या चामडी घरांत, बहुधा जोडीने बाळगीत. महाराष्ट्रातील संस्थानिकांच्या शस्त्रागारांत, जहागीरदारांच्या वाड्यांत आणि वस्तुसंग्रहालयांत ‘पेशवेकालीन पिस्तूल’ म्हणून दाखविण्यात येणाऱ्या वस्तूंपैकी पुष्कळशा या वर्गातील किंवा त्यांच्या नकला असतात. पिस्तूल हा शब्द पोर्तुगीज ‘पिस्तोला’ या शब्दावरून आला, असे मानतात.

मराठी सैन्यात पिस्तुलाला बंदुकीइतके स्थान कधीच मिळाले नाही. शिलेदाराचा भर तलवार व भाला यांवर असे. पायदळाची बंदूक दीर्घकाळ तोड्याची राहिली. महादजी शिंदे यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली इंग्रजी धर्तीच्या चकमकी बंदुका तयार होत. परंतु हा अपवादच होय. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रात एखाद्या घराण्याकडे चकमकीचे लष्करी पिस्तूल असेल, तर ते विकत घेतलेले, लुटीत मिळालेले, भेट म्हणून आलेले किंवा कंपनीच्या नोकरीतून घरी आलेले असण्याचा संभव अधिक. यांपैकी कोणती हकीकत खरी मानावयाची, हे पुष्कळदा पिस्तुलावरील खुणांवरूनच ठरते. घराण्यातील आठवण आणि धातूवरील शिक्का यांत विरोध आला, तर शिक्क्याला अधिक मान द्यावा लागतो. मात्र तो शिक्का अस्सल आहे, याची आधी खात्री करून घ्यावी लागते.

रचना : या पिस्तुलाचे मुख्य भाग पाच : लोखंडी नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, बार पेटविणारी कळ, गोळी ठासण्याचा गज आणि पितळी जोडभाग. कळीचे सर्व भाग ज्या लोखंडी पट्टीवर बसविलेले असतात तिला येथे कळपट्टी म्हटले आहे. चकमकीच्या कळीत घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा घट्ट बसविलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गारगोटी समोरच्या पोलादी पात्यावर घासते, पाते उलटून रंजकाची वाटी उघडी पडते व ठिणग्यांनी रंजक पेटते. ती आग नळीच्या बुडाशी असलेल्या छिद्रातून आतील दारूपर्यंत पोहोचते. ही साखळी कोठेही तुटू शकते. ओलसर रंजक, झिजलेली गारगोटी किंवा काजळीने बुजलेले छिद्र यांपैकी एक कारणही बार फुकट जाण्यास पुरेसे होते, आणि पावसाळी मोहिमांत तर असे वारंवार होई.

स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्साइथ या धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करून १८०७ मध्ये एकस्व मिळविले. त्यातून पुढे तांब्याच्या टोपीची कळ विकसित झाली. हिच्यात गारगोटी, पोलादी पाते व रंजकाची वाटी हे तिन्ही भाग नाहीसे होतात. त्यांच्या जागी एक पोकळ बोंडी येते, तिच्यावर टोपी बसवितात व घोडा हातोडीसारखा तिच्यावर आदळतो. ब्रिटिश लष्कराने ही पद्धती १८४० च्या सुमारास स्वीकारली. ३० ऑक्टोबर १८४१ रोजी टॉवर ऑफ लंडन येथील शस्त्रभांडारास आग लागून तेथील शस्त्रांचा मोठा साठा नष्ट झाला. त्यामुळे नव्या शस्त्रांची गरज एकाएकी वाढली. कंपनीच्या सैन्यातही त्याच दशकात टोपीची शस्त्रे येऊ लागली. कालनिर्णयाच्या दृष्टीने ही सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी पायरी आहे. मूळचे टोपीचे असलेले लष्करी पिस्तूल ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत वापरले गेले असणे शक्य नाही, मग त्याच्यासोबत आलेली चिठ्ठी काहीही सांगो. १८४४ च्या कोल्हापूर-सामानगडच्या गडकऱ्यांच्या उठावाशी एखाद्या पिस्तुलाचा संबंध जोडला जात असेल, तर मात्र चकमकीचे व टोपीचे असे दोन्ही प्रकार काळाशी सुसंगत ठरतात व निर्णय इतर पुराव्यावर सोपवावा लागतो.

नळीची लांबी व व्यास : ब्रिटिश सरकारी पिस्तुलांचे जे नमुने होते त्यांच्या जवळपासच कंपनीचे नमुने राहत. अठराव्या शतकाच्या मध्यातील जड घोडदळाच्या पिस्तुलाची नळी १२ इंच (सु. ३०.५ सेंमी.) लांब असून तिचा आतील व्यास ०.५६ इंच (सु. १४.२ मिमी.) असे. हलक्या घोडदळासाठी १७६० च्या सुमारास आखूड पिस्तूल आले, त्याची नळी ९ इंच (सु. २२.९ सेंमी.) व व्यास ०.६५ इंचाच्या आसपास (सु. १६.५ मिमी.) होता. हा व्यास घोडेस्वाराच्या आखूड बंदुकीच्या व्यासाइतकाच असल्याने दोन्ही शस्त्रांना एकच गोळी चाले. ९ इंची नळी पुढे जवळजवळ सर्वत्र रूढ झाली. पुढे १८५६ मध्ये ०.५७७ इंच (सु. १४.७ मिमी.) व्यासाचे व आत सर्पिल खाचा असलेले १० इंची पिस्तूल निघाले.

लांबी मोजताना एक फसवणूक ध्यानात ठेवावी लागते. फुटलेल्या किंवा गंजलेल्या तोंडाची नळी कापून आखूड करण्याची पद्धत सर्वत्र होती. कापलेल्या नळीत गजाचे टोक नळीच्या तोंडापुढे येते किंवा गजही कापलेला दिसतो. लाकडाचे पुढील टोक ओबडधोबड असते आणि नळीचे तोंड बुडाच्या मानाने जाड भासते, कारण मूळ नळी तोंडाकडे निमुळती होत गेलेली असते.

गज व टोपी : जुन्या पिस्तुलांचा गज लाकडी व पितळी टोकाचा असून तो नळीखालच्या नळकंड्यांत सरकवून ठेवीत. दौडत्या घोड्यावरून तो हमखास पडे आणि गज हरवलेले पिस्तूल त्या लढाईपुरते निरुपयोगी होई. यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस सरकारी घोडदळाच्या नव्या नमुन्यात लोखंडी गज नळीच्या तोंडाशी फिरत्या दुव्याने कायमचा जोडण्यात आला. स्वाराने गज बाहेर ओढावा, दुव्यावर उलटा फिरवून नळीत घालावा व पुन्हा जागेवर न्यावा, अशी ही सोय होती. कंपनीच्या नंतरच्या पिस्तुलांवर हाच दुवा आढळतो. दस्त्याच्या टोकावरील पितळी टोपीचे कानही काळ सुचवितात. जुन्या पिस्तुलांत ते दस्त्याच्या दोन्ही कडांनी बरेच वर चढलेले असतात, पुढे ते आखूड होतात व अखेरीस जवळजवळ नाहीसे होतात. टोपीच्या कळीच्या अनेक पिस्तुलांच्या दस्त्याला दोरी अडकविण्याची कडी असते.

घोड्याच्या आकारावरून काळ सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. हंसाच्या मानेसारखा बाकदार घोडा जुना आणि मानेत पोकळी ठेवून मजबूत केलेला घोडा नंतरचा, हे स्थूलमानाने खरे आहे. सरकारी मस्कटवर हा बदल १८०९ मध्ये झाला. परंतु घोडा हा कळीतील सर्वांत लवकर मोडणारा भाग आहे व तो बदलणे सोपे आहे. एकट्या घोड्यावर विसंबून काढलेला निष्कर्ष फारसा टिकत नाही.

शिक्के : कंपनीच्या शस्त्रांची खरी ओळख कळपट्टीवर असते. कंपनीचे जुने चिन्ह म्हणजे चार भागांत विभागलेले हृदय. त्या चार भागांत रोमन लिपीतील व्ही, ई, आय, सी ही अक्षरे व हृदयाच्या माथ्यावर ४ या इंग्रजी अंकासारखी खूण. हे चिन्ह मुळात कंपनीच्या मालाच्या गासड्यांवर उठविण्याचे होते. त्यातील व्ही हे अक्षर लॅटिन वळणाने यू या अक्षरासाठी योजिलेले असून ते ‘युनायटेड’ या शब्दाचे आद्याक्षर आहे. १७०८ मध्ये जुनी व नवी अशा दोन कंपन्यांचे एकीकरण झाले, त्याची ही आठवण होय. व्ही हे अक्षर व्हिक्टोरिया राणीचे समजून पिस्तुलाचा काळ १८३७ नंतर ओढणारे वर्णन संग्राहकांच्या याद्यांत अधूनमधून दिसते. ते सर्वस्वी चूक आहे. १८०८ च्या सुमारास हृदयाची जागा पुढच्या पायांत मुकुट धरून उभ्या असलेल्या सिंहाने घेतली. हा सिंह कंपनीच्या मानचिन्हातील आहे. म्हणजे हृदय असेल तर पिस्तूल स्थूलमानाने १८०८ पूर्वीचे आणि सिंह असेल तर त्यानंतरचे, असा साधा नियम बनतो.

दुसरा उपयोगी पुरावा कारागिराच्या नावाचा. सरकारी शस्त्रखात्याने १७६४ पासून कळपट्टीवर कंत्राटदाराचे नाव व वर्ष कोरण्याची प्रथा बंद केली. त्यानंतरच्या सरकारी कळींवर ‘टॉवर’ हा शब्द, मुकुट व राजाची आद्याक्षरे एवढेच दिसते. कंपनीने मात्र ती प्रथा पुढेही चालू ठेवली. म्हणून कळपट्टीच्या शेपटाशी बार्नेट, विल्सन यांसारखे लंडनच्या बंदूककाराचे नाव व त्याखाली १७८० किंवा १७९० च्या दशकातील वर्ष आढळल्यास ती कळ कंपनीची असण्याची शक्यता फार मोठी, मग हृदयाची खूण झिजून गेलेली असली तरी चालेल. कंपनीच्या कळी सरकारी कोठारांतही पोहोचल्या होत्या, हे येथे सांगितले पाहिजे. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू होताच सरकारला शस्त्रांची इतकी टंचाई भासली, की कंपनीसाठी तयार झालेली शस्त्रे त्याने घेतली. कंपनीची स्वस्त व आखूड मस्कट ‘इंडिया पॅटर्न’ या नावाने पुढे सरकारी सैन्याचीच बंदूक बनली.

नळीच्या बुडाशी चाचणीचे शिक्के असतात. लंडनच्या बंदूककार संघाचे शिक्के दोन : मुकुटाखाली गुंफलेली जी व पी ही अक्षरे, आणि मुकुटाखाली व्ही. येथील व्ही म्हणजे ‘पाहिले’ या अर्थाची तपासणीची खूण. हृदयातील व्हीशी तिचा संबंध नाही. बर्मिंगहॅम येथील चाचणीगृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले, म्हणून त्याचा शिक्का असलेली नळी त्यापूर्वीची असू शकत नाही. नळीवरील शिक्का व कळीवरील वर्ष यांत मेळ नसेल, तर दोन पिस्तुलांचे भाग एकत्र आले असावेत, असा संशय घ्यावा. कंपनीची राजवट १८५८ मध्ये संपल्यानंतर सिंह जातो. बाणाग्र व त्याखाली आय हे अक्षर ही हिंदुस्थान सरकारच्या मालकीची खूण, तर एकमेकांना टोके भिडलेली दोन बाणाग्रे म्हणजे शस्त्र सेवेतून काढून विकल्याची खूण होय. दुसरी खूण पाहून संग्राहकाने निराश होण्याचे कारण नाही. शस्त्र रीतसर बाहेर आले, याचा तो पुरावा आहे.

पितळी टोपीवर किंवा चापाभोवतीच्या कड्यावर कोरलेले अक्षर व आकडे हे बहुधा तुकडीचे अक्षर व शस्त्राचा अनुक्रमांक असतात. यांवरून पलटण ठरविण्याची घाई करू नये. तीच अक्षरे अनेक पलटणींत वापरली जात.

महाराष्ट्रातील शिक्क्यांवर आणखी एक संकट येते, ते श्रद्धेचे. खंडेनवमीला शस्त्रे घासूनपुसून पूजेस मांडण्याची प्रथा आहे. राख, चिंच, विटेची पूड यांनी शेकडो वेळा घासलेल्या कळपट्टीवर हृदयाच्या जागी केवळ एक उथळ खळगा उरतो. अशी पट्टी तिरप्या उजेडात धरली असता पुसट रेषा दिसू शकतात. पट्टीच्या आतील बाजूस, म्हणजे लाकडात दडलेल्या भागावर, घासणी पोहोचत नाही. तेथे कारागिराची आद्याक्षरे व कानशीने केलेल्या जुळणीच्या रेघा चांगल्या टिकलेल्या असतात. स्क्रू, पट्टी व घोडा यांवरील रेघांची संख्या सारखी असेल, तर हे भाग प्रथमपासून एकत्र आहेत, असे समजण्यास हरकत नाही.

नकला व दुरुस्त्या : खरे धन जेथे आहे तेथे खोटे येतेच. काही नकला वायव्य सरहद्दीवरील कारागिरांच्या आहेत. त्यांत रोमन अक्षरे उलटी पडतात, ‘टॉवर’ची वर्णरचना बिघडते आणि हृदयातील अक्षरांचा क्रम चुकतो. अलीकडच्या नकला शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या जातात व त्यांवर पुष्कळदा कंपनीचे संपूर्ण नाव मोठ्या अक्षरांत कोरलेले असते. अस्सल कळपट्टीवर चिन्ह असते. कंपनीचे नाव विस्ताराने लिहिण्याची रीत नव्हती. ग्राहकाला जे वाचता यावे असे वाटते, तेच नक्कल करणारा कोरतो.

धातूची परीक्षा याहून अधिक विश्वसनीय ठरते, आणि तिच्यासाठी लागणारे ज्ञान पुराणवस्तूंच्या जाणकारांपेक्षा कारखान्यातल्या माणसाजवळ अधिक असते. कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्गालगत असलेल्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील ओतशाळांत वाळूच्या साच्यात बीड ओतले जाते. तेथे काम केलेल्या कोणालाही ओतीव व घडीव वस्तूंतील भेद सांगावा लागत नाही. साच्याची दोन अर्धुके जेथे मिळतात तेथे ओतीव वस्तूवर एक उंचवट्याची रेषा उमटते. वाळूचा खरखरीतपणा पृष्ठभागावर राहतो. अडकलेल्या वायूमुळे बारीक गोल छिद्रे पडतात. पिस्तुलाची अस्सल नळी, कळपट्टी व घोडा हे भाग घडीव लोखंडाचे असून त्यांवर अशी रेषा किंवा छिद्रे असता कामा नयेत. घडीव लोखंड गंजते ते लांबट, तंतुमय पट्ट्यांनी. जुन्या नळ्या तापविलेली लोखंडी पट्टी गजाभोवती गुंडाळून व तिच्या कडा ठोकून सांधून केलेल्या असल्याने काहींच्या खालील बाजूस लांबीच्या दिशेने ही सांध अंधुकपणे दिसते. कापून घेतलेल्या आधुनिक पोलादी नळीत ती नसते.

पितळी भागांच्या बाबतीत नेमके उलट आहे. चापाभोवतीचे कडे, दस्त्याची टोपी, गजाची नळकंडी हे अस्सल पिस्तुलातही वाळूच्या साच्यात ओतलेले व नंतर कानशीने साफ केलेले असत. आतील, न दिसणाऱ्या बाजूस ओतकामाचा खडबडीतपणा असणे हे अस्सलपणाशी सुसंगतच आहे. तोच भाग आतून बाहेरून आरशासारखा गुळगुळीत असेल, तर शंका घ्यावी. लोहचुंबक जवळ नेल्यास पितळेचा मुलामा दिलेले लोखंड लगेच उघडे पडते. कानस मारून किंवा सहाणेच्या चाकावर ठिणग्या पाडून परीक्षा करण्याचा कारखानी मार्ग येथे वर्ज्य समजावा, कारण तो पुराव्याचाच नाश करतो.

स्क्रू पाहणे विसरू नये. जुने स्क्रू प्रत्येक पिस्तुलासाठी हाताने बसते केलेले, असमान आट्यांचे व माथ्यावर अरुंद खाच असलेले असतात. आट्यांच्या प्रमाणीकरणाची व्हिटवर्थ यांची योजना १८४१ ची आहे. तत्पूर्वीच्या पिस्तुलात एकसारख्या मापाचे आटे सापडले, तर तो स्क्रू नंतरचा. मेट्रिक आटे सापडल्यास अधिक बोलण्याची गरज उरत नाही. एक-दोन बदललेल्या स्क्रूंमुळे मात्र पिस्तूल खोटे ठरत नाही. शिसवी लाकडाचा नवा दस्ता, स्थानिक लोहाराने केलेला घोडा, चांदीच्या तारेने बांधलेली चीर या दुरुस्त्या पिस्तूल भारतात दीर्घकाळ वापरात होते, हेच सांगतात. काही संग्राहक असे नग टाकाऊ मानतात. इतिहासाच्या अभ्यासकाला तेच अधिक बोलके वाटतात.

चकमकीच्या कळीचे टोपीच्या कळीत केलेले रूपांतर हा वेगळा वर्ग आहे. त्यात कळपट्टीवर पोलादी पात्याच्या व त्याच्या कमानीच्या स्क्रूंची बुजविलेली छिद्रे दिसतात आणि रंजकवाटीच्या जागी लोखंडी तुकडा बसविलेला असतो. हे काम १८४० च्या आसपासचे असल्यास अस्सलच म्हटले पाहिजे. चकमकीच्या पिस्तुलाला किंमत अधिक येते म्हणून असे रूपांतरित पिस्तूल अलीकडे पुन्हा चकमकीचे करण्यात येते. अशा वेळी नवे पाते व वाटी पट्टीपेक्षा कमी झिजलेली असतात, बुजविलेली छिद्रे पुन्हा उघडलेली असतात, आणि बत्तीछिद्र झिजून रुंद झालेले असण्याऐवजी नव्या बरम्याने पाडलेले, कडक काठाचे दिसते.

दुर्मिळतेची कारणे : ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापूर येथे मुंबई इलाख्याच्या २७ व्या देशी पायदळ पलटणीने उठाव केला. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात निःशस्त्रीकरणाची मोहीम झाली व १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे सर्वसामान्यांना अशक्य झाले. जमा झालेली शस्त्रे मोडीत निघाली. संस्थानिक व काही मानकरी यांना सवलती असल्यामुळे त्यांच्याकडील शस्त्रे वाचली. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील श्री छत्रपती शाहू संग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय व मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे शस्त्रास्त्रांचे संग्रह आहेत. घरच्या पिस्तुलाविषयी मत बनविण्यापूर्वी निश्चित नोंद असलेली शस्त्रे डोळ्यांखालून घालणे हिताचे असते.

हाताळणी व कायदा : जुने पिस्तूल हाती येताच ते भरलेले आहे काय, हे प्रथम पाहावे. काळी दारू कोरडी राहिल्यास अनेक दशकांनंतरही पेट घेते व वाड्यांतून निघालेली शस्त्रे भरलेली सापडतात. नळीचे तोंड कोणाकडेही न रोखता एक लाकडी काडी आत टेकेपर्यंत घालून तोंडाशी खूण करावी व तीच काडी नळीच्या बाहेरून धरून पाहावी. ती बत्तीछिद्रापर्यंत पोहोचत नसेल, तर आत बार आहे असे समजून घोड्याला हात न लावता पोलिसांना व तज्ज्ञांना कळवावे. गंज काढण्यासाठी आम्ल, वाळू किंवा फिरता ब्रश वापरू नये. हलके तेल व मऊ फडके पुरते.

भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तूचे मूल्य असलेले किंवा नादुरुस्त असे शस्त्र, दुरुस्तीने वा दुरुस्तीविना अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्यासारखे नसेल, तरच अधिनियमाच्या तरतुदींतून वगळले जाते. केवळ जुनेपणामुळे ही सूट मिळत नाही. कळ चालू असलेल्या ठासणीच्या पिस्तुलास परवाना लागतो. चालू स्थितीतील अस्सल पिस्तूल सूट मिळावी म्हणून छिद्र पाडून निकामी करण्यापूर्वी संग्रहालयाचा सल्ला घेणे इष्ट, कारण नळीला पाडलेले छिद्र भरून येत नाही आणि परवाना किंवा संग्रहालयास दान हे दोन मार्ग मोकळे असतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होतो व त्यानुसार खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत.